बोट ओळीवर

१६ जानेवारी १९४४, रविवार
उपासना झाली. मंडळी अकरा. येसूबाबांनी घंटा उशिरा दिली. चिंचेला टांगलेला तो रुळाचा तुकडा थंडीत गारठतो आणि आवाजही गारठतो, असे त्यांचे म्हणणे. गारठतात ते स्वतःच.

आजही मेंढपाळाचेच स्तोत्र. पुस्तक उघडले, बोट ओळीवर ठेवले आणि तोंडपाठ म्हटले. ओळ होती कुठे? दुधावरची साय पसरावी तसे पांढुरके काहीतरी. नाताळापासून असेच चालले आहे.

वचन पुस्तकातूनच वाचायचे, बोट ओळीवर ठेवून, हा आमच्या चर्चचा नियम. फार पूर्वी इथे एक उपदेशक होते. ते सगळे तोंडपाठ म्हणत. एका रविवारी त्यांनी दहा आज्ञा म्हणता म्हणता ‘भावाचा बांध कोरू नको’ अशी आपल्या पदरची एक घातली आणि पहिल्या रांगेतल्या सख्ख्या भावाकडे बघत राहिले. तेव्हापासून बोट ओळीवर. आमचे हे ही गोष्ट सांगताना पोट धरून हसत. यांनी मास्तरकी केली तेवढी वर्षे नियम पाळला. हे गेल्यावर मी पाळला. आता बोट तेवढे ओळीवर असते.

१८ जानेवारी
शमूचे पत्र पुण्याहून. भिंग लावून निम्मे वाचले, निम्मे ताडले. आई, आता पुरे, इकडे ये, सूनबाईला सोबत होईल. चांगला मुलगा आहे. अक्षर मात्र बापासारखे नाही, मुंग्यांची रांग.

दुपारी ओसरीवर ऊन खात बसले. डोळे मिटले काय, उघडले काय, सारखेच पांढरे. एकदम लहानपणच्या, घाटावरच्या कॉन्व्हेंटमध्ये गेले. पावसाळ्यात धुके निजायच्या खोलीत शिरायचे. उशा ओल्या. सिस्टरचा पांढरा झगा त्यात विरघळून जायचा, नुसती किल्ल्यांची किणकिण जवळ यायची. आम्ही पोरी एकमेकींच्या वेण्या धरून चालायचो. ते धुके इतकी वर्षे कुठे होते? शोधत शोधत इथवर आले वाटते.

२३ जानेवारी, रविवार
उपासनेनंतर सगळे गेले. सारूबाई केर काढायला मागे राहिली. तिचा नवरा दौलती पलटणीत, ही एकटी रान आणि लहान पोर बघते. केर काढता काढता म्हणाली, “बाई, येक इचारू? रागवायचं न्हाई.”
“विचार.”
“येवढं लांबलचक वाचलंसा, पर पान उलटलंच न्हाई तुमी.”

 ती पुन्हा केर काढू लागली. तिला एक अक्षर येत नाही. आणि माझे हात तिने बघितले.

२५ जानेवारी
सारू दौलतीचे पत्र घेऊन आली. पहिल्यापासून तिची पत्रे मीच वाचते, उत्तरेही मीच लिहिते. आज दोनच ओळी. मी ठीक आहे. काळजी नसावी. भिंगाने दिसले.
“येवढंच?”
“एवढेच.”
“आदी आसं कोरडं लिवत न्हवतं ह्ये. पलटणीत लिवून देणारा बदलला आसंल.” मग पत्राची घडी घालत, “बाई, मला शिकवा की वाचाय. तुमचं डोळं गेल्यात. मी कुणाला सांगितलं न्हाई, पर गेल्यात. मला ह्येंची पत्रं दुसऱ्या कुणाफुडं न्ह्यायची न्हाईत. तलाठी वाचतोय आन् मग पारावर सांगतोय.”
मी म्हटले, शिकवीन. पण मग रविवारी वचन वाचायचे.
“आदी पत्र, मग वचन.”
“आधी वचन.”
“आवं, नवरा आदी न्हवं का?”
हसू आले. पुष्कळ दिवसांनी.

६ फेब्रुवारी, रविवार
महिन्याचा पहिला रविवार, म्हणून पाळकसाहेब कऱ्हाडहून सायकलवर आले. प्रभुभोजन झाले. चहा घेताना त्यांनी सांगितले, त्यासाठीच मागे थांबले होते असे वाटले. जिथे वाचणारे कोणी राहिले नाही अशी लहान चर्चे ईस्टरनंतर बंद करायची आणि मंडळी कऱ्हाडला जोडायची, असे कमिटीत चालले आहे. कुलूप लागेल, किल्ली ते नेतील.

“मी आहे ना,” मी म्हटले.
“तुमचे डोळे, मास्तरीणबाई. शमूने मला लिहिले आहे.”

कऱ्हाड दहा मैल. येसूबाबा दहा पावलांत दोनदा बसतात. पुरुष सगळे पलटणीत नाहीतर मुंबईला. म्हणजे कुलूप लागले की इथली उपासना संपली.
मी म्हटले, ईस्टरपर्यंत थांबा. मी वाचणारे माणूस उभे करते.
“कोण?”
नाव सांगितले. पाळकसाहेबांनी चहा बशीत ओतला आणि बराच वेळ फुंकत राहिले.

९ फेब्रुवारी
पाटी-पेन्सिल निरुपयोगी. तिने काय गिरवले ते मला दिसत नाही. मग यांची जुनी धूळपाटी माळ्यावरून काढली. फळीवर बारीक माती पसरायची, तिने बोटाने अक्षर काढायचे, मी बोटाने त्या खाचेतून फिरायचे. चुकले की माझे बोट अडते. रोज सकाळी, तिने गुरांचे शेणघाण आटोपल्यावर.
सारूचा ‘ग’ म्हणजे मोडकी काठी. तिला तसे म्हटले तर म्हणते, “काठी मोडकी आसली तरी म्हस हाकती.”

१७ फेब्रुवारी
सांगलीला जाऊन आले. कोळशावरची मोटार, दोनदा चढावर उतरून ढकलावी लागली. (मी ढकलली नाही. दंडाधिकाऱ्यासारखी उभी राहिले.) डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पिकत आला आहे. ईस्टर झाला की या, काढू. दिसेलच असे सांगता येणार नाही, वय आहे, साखरही आहे.

परत येताना कृष्णेवर ऊन पडले होते. नुसते लखलखते काहीतरी खालून गेले. नदी असे मनाने धरले.

२३ फेब्रुवारी, बुधवार
राखेचा बुधवार. आमच्या मंडळीत पाळत नाहीत, पण माझ्या कपाळाला अजून आठवते. सिस्टरचा अंगठा थंड असायचा.

सारूला आज धुक्याची गोष्ट सांगितली. निजायच्या खोलीपासून चॅपलपर्यंत सिस्टर पावसाळाभर दोर बांधून ठेवायची. पहाटे बाहेर काहीच दिसायचे नाही, चॅपल आहे की नाही तेही नाही. दोर धरून चालायचे. मी एकदा रडले, मला भीती वाटते म्हणून. सिस्टर म्हणाली, भीती वाटू दे, हात सोडू नको.
सारू म्हणाली, “दोर कसला व्हता, काथ्याचा का अंबाडीचा?”
आठवेना. तिला तेवढेच महत्त्वाचे वाटले.

ती आता जोडाक्षरांवर आली आहे. माती उकरावी तशी वाचते. मान खाली, घाम.

२७ फेब्रुवारी, रविवार
सांगून टाकले. पुस्तक मिटले आणि म्हटले, नाताळापासून मी तुमच्यापुढे वाचण्याचे सोंग करते आहे. मला दिसत नाही. क्षमा करा.

 मग येसूबाबा खोकले. “आमाला ठावं हाय की बाई.”
“कधीपासून?”
“आवं, चारच स्तोत्रं फिरून फिरून येत्यात, रहाटाच्या गाडग्यावानी. कुणालाबी कळंल.”
सगळे हसले. मीही. म्हातारी मार्था म्हणाली, “पर चांगली हुती चार.”

घरी येताना पाय जमिनीला लागत नव्हते. लहानपणी शनिवारी कबुलीजबाब देऊन बाहेर पडल्यावर असेच व्हायचे. बागेतली फुले जास्त फुललेली दिसायची.

५ मार्च, रविवार
पाळकसाहेब आले. त्यांनाही सांगितले. ते हसले नाहीत. म्हणाले, “नियम मास्तरांनी जपला होता.” तेवढेच. ते बरोबर बोलले. ईस्टरच्या दिवशी वाचायचा भाग ते स्वतः काढून देणार. आधी सांगणार नाहीत, म्हणजे पाठ करून म्हटले असे होणार नाही.
सारूला सांगितले. ती म्हणाली, “घोड्याचं दात बघून घ्येत्यात तसं.”

१४ मार्च
हे लिहावे की नाही. लिहिते.

सारू आज सकाळच्या वेळेला आली नाही. दुपारी आली, हातात दौलतीची जुनी पत्रे. पेटीतून काढून रात्रंदिवस अक्षरे लावत बसली होती म्हणे, आपल्याला किती येते ते बघायला. एक पत्र माझ्यापुढे धरले. मला काय दिसणार. मग तिनेच वाचले, अडखळत, एकेक शब्द फोडून.

भाद्रपदातले पत्र. पायाला गोळी लागली आहे. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात आणले आहे. महिनाभर ठेवतील, मग परत बोटीवर. पोरीला घेऊन येऊन भेट. वाट बघतो.

ते पत्र मीच वाचले होते. तेव्हाच दिसणे कमी झाले होते, मी कोणाला बोलले नव्हते. घडीवर पेन्सिल पुसट झाली होती. तो भाग मी ‘खुशाल आहे, काळजी नसावी’ असा वाचला. ताडला. बहुतेक पत्रांत तेच असते. आणि उत्तरही मीच लिहिले. इकडे सर्व ठीक, ऊस चांगला आहे, म्हैस व्याली. तो खाटेवर पडून दाराकडे बघत होता आणि त्याच्या हातात म्हैस व्याल्याचे पत्र.

सारू ओरडली नाही. म्हणाली, “म्हयनाभर बघितली आसंल वाट. आन् मी हितं ऊस बांधत हुते.” मग, “मला वाचाय येत न्हवतं त्येच बरं हुतं.”
पत्रे पदरात घेतली आणि गेली.

१५ मार्च
त्या रविवारी मी लहान चूक कबूल करून मोकळी झाले होते. मोठी पेटीत घडी करून ठेवलेली होती.

धूळपाटी मांडली. ती आली नाही.

१६ मार्च
सकाळी तिच्या घरी गेले. भिंत धरून. दारात म्हटले, सारू, चूक माझी. दिसत नव्हते आणि सांगायची लाज वाटली, म्हणून मनाचे वाचले. आतून जात्याचा आवाज. थांबला नाही. थोडा वेळ उभी राहिले आणि आले.

पुन्हा जाणार नाही. दार वाजवत राहणे हे माझे मन हलके करायला होईल, तिच्यासाठी नव्हे. पण पाटी रोज मांडायची. दार उघडे. तिची वेळ ती वेळ. कोणी येवो न येवो.

१८ मार्च
पाटी मांडली. माती चाळून घेतली, खडा राहिला होता.
पत्र आले, शमूचे असावे. न फोडता ठेवले.

१९ मार्च, रविवार
चर्चला एकटी निघाले. एरवी सारूचा खांदा असे. चाळीस पावलांची वाट, मोजून ठेवली आहे, तरी चिंचेच्या मुळीला अडखळून पडले. गुडघा फुटला. येसूबाबांनी उठवले, म्हणजे ते आणि मी मिळून कसेबसे उठलो.
वचन झाले नाही. मी म्हटले, आज वाचायला कोणी नाही, तर आपण गप्प बसू. बसलो. बाहेर साळुंक्या भांडत होत्या. सारू आली नव्हती.

प्रार्थनेत काहीच शब्द आले नाहीत. नुसते बसणे आले. फार वेळ. मग असे वाटले की कॉन्व्हेंटच्या चॅपलमध्ये आहे, मेणाचा वास, पुढे कोणीतरी गुडघे टेकलेले, पाठमोरे, ओळखीचे. वळून बघेल असे वाटत होते. वळले नाही. पण उठूनही गेले नाही.

२१ मार्च
पाटी मांडली.
मनात येते, पुण्याला जावे. सून चांगली आहे. नळाचे पाणी आहे. कोणी नाव ठेवणार नाही. उलट सगळ्यांना बरे वाटेल, पाळकसाहेबांना सगळ्यांत आधी. इतके सोपे आहे म्हणूनच बहुधा मनात येते.
नाही. ईस्टरपर्यंत म्हटले आहे.

२२ मार्च
सकाळी दार उघडून बाहेर हात केला तर हाताला दोर लागला. दाराच्या खांबाला पक्की गाठ. धरून चालले. कमरेएवढा उंच, चिंचेला एक वेढा, मुळी बाजूला ठेवून वळवलेला, पुढे थेट चर्चच्या कडीपर्यंत. बैलांचा कासरा, तुकड्याला तुकडा गाठून लांबवलेला. गोठ्याचा वास येत होता त्याला.
मधेच थांबले. दोर धरून उभी राहिले, कोणी बघत असेल नसेल.

२३ मार्च
पाटी मांडली होती. सारू आली. उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, “तुमच्यासाटनं न्हाई आले. ह्येंना पत्र लिवायचंय. माज्या हातानं.”
“बस.”
“कासरा परत पायजेल मला, पेरणीच्या टायमाला.”
“देईन.”
बसली. लिहायला लागली. मी म्हटले, माझी चूकही लिही, नाव घालून. ती म्हणाली, “त्येच आदी लिवलंय.” मग आवाज जरा खाली आणून, “चूक लिवायची कशी, पयला का दुसरा?” सांगितले. तिने मातीत काढून दाखवले. मी बोट फिरवले. बरोबर होते.

२६ मार्च, रविवार
पत्र शुक्रवारी डाकेत पडले. लढाईवर आहे तिथे पोचायला किती दिवस, कोणास ठाऊक. आता ती रोज येते. बोलते थोडे. पूर्वीसारखी चेष्टा करत नाही. हक्क आहे तिचा.
वाचते मात्र झपाटल्यासारखी. हाताला लागेल ते. काड्यापेटीवरचे, साबणाच्या कागदावरचे.

२ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
सारूने चार ओळी वाचल्या मंडळीपुढे. मग अडली, पुढचे राहिले. मार्था म्हणाली, “चार स्तोत्रांवरनं चार वळींवर आलो.” सारू हसली. पहिल्यांदाच.

७ एप्रिल, उत्तम शुक्रवार
दिवसभर उपास. पाळकसाहेब रविवारी पहाटे येतील.
यांची फार आठवण आली. हे असते तर मला रागावले असते, मग स्वतःच पाटी मांडून बसले असते.

९ एप्रिल, रविवार
पहाटेची उपासना. मंडळी सतरा, मळ्यांतून चालत आलेली. अंधार असतानाच येसूबाबांनी रूळ बडवला. आज गारठला नव्हता.

पाळकसाहेबांनी पुस्तक उघडून सारूपुढे ठेवले. बायका पहाटे प्रभूच्या कबरेकडे जातात तोच भाग, पण चार शुभवर्तमानांपैकी जे आम्ही सरावाला कधी घेतलेच नव्हते, त्यातला. कंदील तिच्या बाजूला सरकवला. मी पुढच्या रांगेत.

तिने वाचायला घेतले. बोट पानावरून सरकते त्याचा आवाज मला येत होता, खरखर, शेतात काम केलेले बोट. हळू. एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा. मग थांबली.

कुठला शब्द ते मला कळले. पुढचे सगळे मला येत होते, ओठांवर होते. सांगितले असते तर सुटली असती. पाळकसाहेब खुर्चीत हलले. कोणीतरी खोकले. मी दोन्ही हात मांडीवर आवळून धरले. इतके दिवस तोंडपाठ म्हणत आले, गप्प बसणे एवढे जड असते हे माहीत नव्हते. मनाचे काही घालायचे नाही. तिच्या जागी तर नाहीच.

बोट मागे गेले. पुन्हा खरखर. “धों...” म्हणाली. “धों... धोंड!” अशी मोठ्याने, जशी नांगराला लागावी. आणि येसूबाबा मागून म्हणाले, “व्हय, व्हय, धोंड.” कबरेच्या तोंडावरची, त्या बायका जी कोण बाजूला करील म्हणून काळजीत होत्या तीच.

मग ती न थांबता गेली. आणि मध्येच तो आवाज आला. पान उलटल्याचा.

१० एप्रिल
उद्या सांगली. येसूबाबा स्टँडपर्यंत येतो म्हणतात, म्हणजे मी त्यांना पोचवणार. मोतीबिंदू काढल्यावर आठ-दहा दिवस डोके न हलवता पडायचे, दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. पट्टी सुटेल तेव्हा कळेल. हे शेवटचे माझ्या हाताने, मोठ्या अक्षरात, ओळी वरखाली जात असतील.

पाळकसाहेबांनी काल जाताना किल्ली खिळ्यावरून काढली, हातात धरली, पुन्हा खिळ्यावर लावली. म्हणाले, “मे महिन्यात कमिटी आहे. मी बोलेन. ऐकतील असे नाही.” सायकलवर बसताना सारूला म्हणाले, “पुढच्या रविवारचा भाग वाचून ठेवा.” अहो जाहो.

दौलतीचे उत्तर नाही.

संध्याकाळी सारू ट्रंक बांधायला आली. दोन लुगडी, भिंग (का घेते आहे, कोण जाणे), सिस्टरने दिलेली माळ.
“पत्र आलं तर?” तिने विचारले.
“तू वाच.”
“वंगाळ आसलं तर?”
“तरी वाच. बोट ओळीवर ठेव.”
“आन् मग?”
“मग सांगलीला ये आणि मला वाचून दाखव. काही वगळू नको.”

बराच वेळ ट्रंकेची कडी लावत बसली. मग म्हणाली, “कासरा सोडू का आता? तुमी न्हाईसा तवर मोकळाच हाय.”
असू दे म्हटले. दिसायला लागले तरी पेरणीपर्यंत धरूनच जाईन.